शेवटच्या घराचा नळ

बोरिवली स्टेशनला पूर्वेकडे उतरून नॅशनल पार्कच्या फाटकातून आत गेले की कान्हेरीची लेणी साधारण सहा किलोमीटरवर आहेत. बुद्धपौर्णिमेला, १४ ऑक्टोबरच्या सुमारास किंवा नाताळच्या सुट्टीत आपली मंडळी डबे बांधून, मुलाबाळांना घेऊन तिथे जातात. तीन नंबरच्या चैत्यगृहात वंदना होते, ओसरीतल्या दोन्ही बाजूंच्या सात-सात मीटर उंच बुद्धमूर्ती डोळे भरून पाहिल्या जातात, अकरा नंबरच्या दरबार लेण्यात मुले आवाज घुमवून बघतात आणि उन्हे चढली की सगळे खाली उतरतात. या खेपेला वाचकांना एक विनंती आहे. मूर्ती पाहून झाल्या की जरा खाली, खडकाकडे पाहा.

खडकावर बोटभर, कुठे वीतभर रुंद खोबणी कोरलेल्या दिसतील. पावसाळ्यात गेलात तर त्यांतून पाणी खेळताना दिसेल. माथ्यावर पडलेले पाणी या खोबणीतून उतरते आणि लेण्याच्या अंगणात, एका बाजूला कोरलेल्या टाक्यात जाते. टाक्याचे तोंड लहान, चौकोनी. आत मात्र ते ऐसपैस पोखरलेले. तोंड लहान असल्यामुळे ऊन आत जात नाही, पाणी कमी आटते आणि शेवाळ कमी धरते. एक टाके भरले की जादा पाणी खालच्या अंगाला निघून जाते. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि पुष्कळ लेण्यांना स्वतःचे टाके आहे. वरच्या लेण्यातल्या भिक्खूला पाण्यासाठी खाली उतरावे लागत नव्हते. खालच्या लेण्यातल्या भिक्खूलाही वरचा कधी पाणी सोडतो म्हणून वाट पाहावी लागत नव्हती.

शिलालेखांत या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे, पाण्याची पोढी. लेणे दान देणारे दाते होते, तसे नुसती पोढी दान देणारेही होते. सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी, कल्याणच्या सोनाराने पैसे दिले आणि नावे कोरून ठेवली. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी महाक्षत्रपाची मुलगी होती, ही इतिहासातली मोठी गोष्ट आपल्याला कान्हेरीच्या ज्या लेखामुळे कळते, तो लेखही राजवाड्यावरचा नाही. सतेरक नावाच्या अमात्याने दिलेल्या पाण्याच्या टाक्यावरचा तो लेख आहे. ज्याने पाणी दिले, त्याचे नाव अठराशे वर्षे टिकले.

कान्हेरीची ही गोष्ट आज काढण्याचे कारण असे, की आपल्या वस्त्यांमधली रोजची तक्रार याच डोंगराशी येऊन मिळते. ‘पाणी येते हो, पण फोर्स नाही.’ अंधेरीच्या चाळीत, मुलुंडच्या अमरनगरात, घाटकोपरच्या डोंगरावर हेच ऐकू येते आणि मे महिन्यात गावी गेलो की वाडीतही हेच. नळाला धार नाही, करंगळीएवढी येते, कधी नुसतीच हवा फुसफुसते. हा फोर्स म्हणजे काय, तो जातो कुठे आणि तो आणता येतो का, हे पाहायला आपण बोरिवलीहून निघून घाटकोपरपर्यंत जाऊ आणि मग गावी.

कान्हेरीच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला तुळशी आणि विहार ही दोन तळी आहेत. मुंबईला नळाचे पाणी पहिल्यांदा मिळाले ते विहारचे, १८६० साली. तुळशी १८७९ साली झाले. पावसाळ्यात वर्तमानपत्रात सात तलावांची पातळी छापून येते, ती आपण सगळे वाचतो, पण कोणता भरला एवढेच पाहतो. पुढच्या वेळी आकडे नीट पाहा. विहार भरून वाहू लागतो तो ८०.१२ मीटरला आणि तुळशी १३९.१७ मीटरला. दोन्ही तळी शेजारी, पण तुळशी ५९ मीटर उंच. पाण्याचा सगळा फोर्स या उंचीत आहे. पाणी जितके उंचावर साठवलेले, तितका खालच्या नळाला जोर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो भरतो, म्हणजे दर मीटरला शंभर ग्रॅम. विहार सखल पडत होता, त्याचे पाणी शहराच्या उंच भागांत चढत नव्हते. तुळशीचे पाणी मलबार हिलवर चढवता आले. आज ज्या हँगिंग गार्डनमध्ये आपण मुलांना फिरायला नेतो, ती बाग पाण्याच्या जलाशयाच्या छपरावर आहे.

पुढे तानसा (१८९२), मोडकसागर (१९५७), अप्पर वैतरणा, भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा अशी भर पडत गेली. आज मुंबईला रोज सुमारे ३,८०० ते ४,००० दशलक्ष लिटर पाणी येते. त्यातले बहुतेक ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांतल्या धरणांतून शंभर-शंभर किलोमीटर वाहत येते. यातली नवलाची गोष्ट म्हणजे या प्रवासाचा मोठा भाग मोटरीवाचून, नुसत्या उताराने होतो. मुलुंडहून भांडुप, घाटकोपरकडे येताना माणूस आत उभा राहील अशा जाडीच्या जलवाहिन्या दिसतात. त्या हेच पाणी वाहून आणतात. भांडुपच्या डोंगराच्या पायथ्याशी ते शुद्ध होते. तिथून ते जागोजागच्या टेकड्यांवरच्या जलाशयांत चढते: अंधेरीला वेरावली, मालाडची टेकडी, बोरिवली, घाटकोपर. आणि जलाशयातून ठरल्या वेळी चावी फिरवली की वस्तीत उतरते.

मुंबईत पाणी चोवीस तास येत नाही, पाळीने येते. नळी रिकामी असते, तिच्यात हवा असते. चावीवाल्याने चावी फिरवली की पाणी आधी नळी भरते, आणि भरता भरता सखल घरांना पहिले मिळते. खालच्या दहा नळांतून धो-धो पाणी चालू असेल तोवर वरच्या अकराव्या नळाला काही पोचत नाही. खालचे बंद झाले की मग पाणी वर सरकते. तोवर चावी बंद करायची वेळ झालेली असते. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अंधेरीला सीप्झजवळ मेट्रोच्या कामात वेरावली जलाशयाची १८०० मिलिमीटरची जलवाहिनी फुटली, तेव्हा अंधेरीपासून घाटकोपरपर्यंत कित्येक वस्त्या काही दिवस कोरड्या होत्या. असे झाले की दुरुस्तीनंतरही नळ्या पुन्हा भराव्या लागतात, आणि त्या भरतात खालून वर.

हे सगळे डोळ्यांनी पाहायचे असेल तर वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने असल्फा स्टेशनला उतरावे. गाडीतून रंगवलेली घरे दिसतात, निळी, पिवळी, गुलाबी. लोक मोबाइलवर फोटो घेतात. आपण उतरून पायऱ्या चढू. चढताना पायरीच्या कडेला गटार आणि गटाराला लगटून नळ्यांचा जुडगा दिसेल. वीस-तीस बारीक नळ्या, काही लोखंडी, काही प्लॅस्टिकच्या, जुन्या सायकलच्या ट्यूबने बांधलेल्या. प्रत्येक नळी एका गटाची किंवा एका घराची. खालून निघालेली ही अर्ध्या इंचाची नळी दीडदोनशे पायऱ्या चढते, पंधरा वळणे घेते आणि वर पोचते तेव्हा तिच्यातला जीव गेलेला असतो.

वरच्या गल्लीत एक ताई भेटल्या. जयभीम झाला, पाणी विचारले तर हसल्या. म्हणाल्या, ‘पाणी आहे, पण खाली वाकून घ्यावं लागतं.’ त्यांच्या उंबऱ्यापुढे तीन फूट खोल खड्डा होता, त्यावर फरशी. फरशी सरकवली की आत नळ. उंबऱ्याच्या उंचीला पाणी चढत नव्हते, म्हणून त्यांनी नळच खाली नेला होता. खड्ड्यात उतरून तांब्याने कळशी भरायची आणि वर द्यायची. असे खड्डे मुंबईच्या डोंगरवस्त्यांत गल्लोगल्ली आहेत. तीन फुटांनी जेमतेम नव्वद ग्रॅम दाब मिळतो, पण तेवढ्यावर घर चालते. पुस्तक न उघडता या बायांनी दाबाचा नियम शोधून काढला आहे. वाईट एवढेच, की पावसात गटार तुंबले की घाण पाणी त्याच खड्ड्यात उतरते, नळाची तोटी त्यात बुडते, आणि मग वस्तीत जुलाब, कावीळ. अशा खड्ड्याला चारी बाजूंनी सिमेंटचा कठडा घातला, तो गटारापेक्षा वीतभर उंच ठेवला आणि नळाला चावी बसवून पाणी गेल्याबरोबर ती बंद केली, तर निम्मे संकट टळते. पहिल्या पाच मिनिटांचे गढूळ पाणी धुण्याला ठेवावे. पिण्याचे पाणी उकळावे, जळणाचा खर्च दवाखान्याच्या खर्चापेक्षा कमीच येतो.

दुसरा उपाय लोक करतात तो मोटरीचा. सरळ महापालिकेच्या नळीला मोटर लावायची आणि पाणी खेचायचे. याबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. हा गुन्हा आहे म्हणून तर करू नयेच. पण त्यात पाणी निर्माण होत नाही, शेजारणीच्या वाट्याचे आपल्या पिंपात येते. मग शेजारीण मोटर आणते, तिची शेजारीण मोठी आणते. शेवटी सगळ्या गल्लीत मोटरी आणि शेवटच्या घरात कोरडा नळ. शिवाय मोटर नळीतून शोषते तेव्हा जिथे नळीला चीर आहे तिथून गटाराचे पाणीही शोषले जाते. ज्या गल्लीत मोटरी वाढल्या त्या गल्लीत पोटाचे आजार वाढणारच.

मोटर लावायचीच तर आधी जमिनीत टाकी. रस्त्याच्या नळीपेक्षा सखल अशी सिमेंटची किंवा प्लॅस्टिकची टाकी गटाने मिळून बसवली, तर धार कितीही बारीक असो, ती टाकीत आपोआप उतरते. टाकी भरली की गोळ्याचा व्हॉल्व्ह बंद होतो. मग त्या टाकीतले पाणी मोटरीने वरच्या टाकीत चढवा. कुणाच्या तोंडचे काढले नाही. वरची टाकी ठेवताना मात्र विचार करावा. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. पत्र्याच्या खोलीच्या पोटमाळ्यावर किंवा अर्ध्या विटेच्या भिंतीवर ते ठेवायचे नसते. तळमजल्याच्या मोरीला तीन मीटर वरची टाकी पुरते. भांडी घासायला, आंघोळीला तेवढा दाब चालतो.

वस्तीत माणशी किती पाणी धरायचे याचाही एक हिशेब महापालिकेत अनेक वर्षे चालत आला. झोपडपट्टीला माणशी ४५ लिटर, इमारतीला १३५ लिटर. पाच माणसांच्या घराला झोपडीत सव्वादोनशे लिटर, म्हणजे पंधरा हंडे. इमारतीत पावणेसातशे लिटर. डोंगरावर राहणाऱ्या बाईला कमी तहान लागते की तिचे कपडे कमी मळतात? आणि ज्यांच्या झोपड्या ठरावीक तारखेनंतरच्या ठरल्या, त्यांना तर जोडणीच नाकारली जात होती. त्यावर पाणी हक्क समिती उच्च न्यायालयात गेली. १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले, की पाणी हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. मे २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. ज्यांनी अजून अर्ज केला नसेल त्यांनी विभाग कार्यालयातल्या जल खात्यात चौकशी करावी. पाच-पाच घरांच्या गटाने अर्ज केला तर सोपे जाते. जोडणी मिळाली म्हणजे फोर्स मिळाला असे नाही, हे खरे. पण जोडणी नसलेल्याला फोर्सची तक्रारसुद्धा करता येत नाही.

आता गावाकडे. मे महिन्यात मुंबईतल्या आपल्या वस्त्या निम्म्या रिकाम्या होतात. महाड, माणगाव, मंडणगड, दापोली, चिपळूण, संगमेश्वर, एस.टी. किंवा कोकण रेल्वेने माणसे गावी पोचतात. घर आईवडिलांचे किंवा भावाचे. पोरे अंगणात पळतात आणि संध्याकाळी मोरीतून हाक येते, ‘पाण्याला धारच नाही!’ कोकणात पाऊस तीन मीटरच्या वर पडतो, पण जांभ्याच्या कातळातून आणि उतारावरून पाणी वाहून जाते. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळ गाठतात. १५ ऑगस्ट २०१९ ला जल जीवन मिशन जाहीर झाले, घरोघर नळ आणि माणशी ५५ लिटर पाणी हे त्याचे माप. नळ पुष्कळ ठिकाणी आले. धार सगळीकडे आली नाही.

याचे कारण वाडीच्या जागेत आहे. नळपाणी योजनेची टाकी उंचावर, बहुधा गावठाणाजवळ. तिथून एक नळी निघते, एकेका वाडीला पाणी देत पुढे जाते. पुष्कळ गावांत बौद्धवाडी गावाच्या टोकाला, कधी ओढ्याच्या पलीकडे, कधी माळावर. ती जागा आपल्या आजोबा-पणजोबांनी निवडलेली नव्हती. गावाने ज्यांना पाण्यापासून लांब ठेवले, त्यांची वाडी नळ आल्यावर नळीच्या शेवटाला आली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हा अडवायला माणसे होती. आज कुणी अडवत नाही. अडवते ती दोन किलोमीटर लांबीची नळी, तिच्यावरच्या वाटेतल्या जोडण्या आणि शेवटी उरलेली अर्ध्या इंचाची तोटी. डोंगरावरची ताई आणि वाडीतली आई या दोघींचा नळ एकाच कारणाने सुकतो. दोघी शेवटच्या घरात राहतात.

पण तक्रार घेऊन ग्रामपंचायतीत जाण्याआधी दोष घरात आहे की गावात, हे पाहून घ्यावे. त्याला यंत्र लागत नाही. पंधरा लिटरची बादली आणि घड्याळ पुरे. पाणी सुटलेले असताना, घरात शिरण्यापूर्वी रस्त्याच्या कडेला जी पहिली तोटी आहे तिथे बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा. मग स्वयंपाकघरात मोजा. बाहेर एक मिनिट आणि आत चार मिनिटे लागत असतील तर दोष तुमच्या घराच्या नळ्यांत आहे. जुनी लोखंडी नळी आतून गंजून, क्षार साचून निम्मी बुजलेली असते. कधी व्हॉल्व्ह अर्धाच उघडा असतो, कधी तोटीच्या जाळीत वाळू अडकलेली असते, ती काढून धुतली की धार परत येते. नळी कुठे वर जाऊन पुन्हा खाली येत असेल तर त्या कुबडात हवा अडकते; तिथे हवा सोडणारी छोटी तोटी किंवा उभी नळी बसवावी.

दुसरी परीक्षा पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीची. गवंडी लेव्हल बघायला वापरतो तीच. पाणी सुटलेले असताना, घरातले बाकी नळ बंद करून ती नळाला घट्ट बांधा, उघडा आणि तिचे दुसरे टोक भिंतीला धरून हळूहळू वर न्या. ज्या उंचीला पाणी थांबेल, तेवढीच उंची तुमच्या नळाच्या वाट्याला आली. डोक्याइतकी उंची असेल तर छपरावरची टाकी कधी भरणार नाही, मग प्लंबर काहीही सांगो. पाणी छपराच्या वर चढत असेल आणि तरीही नळ उघडल्यावर धार बारीक असेल, तर उंचीची अडचण नाही, नळी अरुंद आहे. हा फरक कळला की शेकडो रुपये वाचतात. अरुंद नळीला मोठी मोटर लावणारे आणि उंची नसताना नव्या नळ्या टाकणारे, दोन्ही प्रकारचे लोक आपल्या ओळखीचे असतील.

नळीची रुंदी लोक फार हलकी समजतात. अर्ध्या इंचाऐवजी एक इंची नळी घेतली तर पाणी दुप्पट येईल असे वाटते. प्रत्यक्षात ते पाच-सहा पट येते. म्हणून घरच्या टाकीपासून निघणारी मुख्य नळी एक इंची ठेवावी आणि अर्धा इंच फक्त शेवटच्या हातभर अंतराला, तोटीजवळ. काटकोनातले एल्बो जितके कमी तितके बरे. दुकानदार अर्ध्या इंचाची नळी स्वस्त पडते म्हणून तीच देतो, आणि आपणही दोनशे रुपये वाचले म्हणून खूश होतो.

दोष घरात नसेल, पाणी वाडीपर्यंतच येत नसेल, तर ते काम एकट्याचे नाही. इथे मुंबईतल्या मंडळांचा उपयोग आहे. गावोगावच्या आपल्या मंडळांच्या सभा महिन्याच्या एखाद्या रविवारी घाटकोपर, विक्रोळी, अंधेरीत भरतात. वर्गणी जमते, विहाराला रंग, जयंतीला मंडप यांचा हिशेब होतो. त्याच वहीत पाण्याचे एक पान उघडायला हवे.

वीस घरांची वाडी धरा, घरात पाच माणसे. माणशी ५५ लिटर म्हणजे दिवसाला ५,५०० लिटर. पाणी दिवसा तासभर सुटते तेव्हा वाटेतल्या वाड्या ते घेतात, आणि शेवटी येणारी धार इतकी बारीक की बादली भरायला सव्वा मिनिट लागते. म्हणजे मिनिटाला बारा लिटर. ही धार वीस घरांत वाटली तर कुणालाच काही नाही. पण हीच धार रात्री, सगळ्या गावाचे नळ बंद असताना, आठ तास वाडीच्या एका सामाईक टाकीत पडू दिली तर सकाळी ५,७६० लिटर जमलेले असतात. सगळ्या वाडीचे पाणी! टाकी वाडीच्या वरच्या अंगाला, घरांच्या जोत्यापासून चार-पाच मीटर उंच बांधली की तिथून प्रत्येक घराला सारखी धार. यासाठी धरण नको, नवी विहीर नको. गावची टाकी रात्री भरलेली असावी आणि वाडीकडची चावी उघडी असावी, एवढे पंचायतीकडून लिहून घ्यायचे.

आणि टाकी बांधणार असाल तर छपराचे पाणीही तिच्यात सोडायचा विचार करा. पाचशे चौरस फूट छपरावर कोकणातला तीन मीटर पाऊस पडला तर वर्षाला सव्वा लाख लिटरच्या वर पाणी होते. सगळे साठवता येणार नाही, साठवायचीही गरज नाही. पण दहा हजार लिटरची झाकलेली, अंधारी टाकी सप्टेंबर अखेर भरून ठेवली तर एप्रिलमध्ये धुण्याभांड्याचा प्रश्न मिटतो. पहिल्या दोन पावसांचे पाणी वाहून जाऊ द्यावे, कौलांवरची धूळ, पाला, पाखरांची घाण त्यात असते. टाकीचे तोंड लहान ठेवावे आणि जाळी बांधावी, नाहीतर डास होतात.

गावात योजना नवी होत असेल तर फार चांगले, कारण नळ्या जमिनीत गेल्यावर बोलून उपयोग नसतो. अंदाजपत्रकात कोणत्या वाडीपर्यंत किती मिलिमीटरची नळी जाणार हे लिहिलेले असते. ते कागद ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. टाकीपासून वाडीपर्यंत स्वतंत्र नळी आहे का? वाटेत तिच्यावर जोडण्या देणार नाहीत ना? प्रत्येक वाडीला वेगळी चावी आहे का, आणि पाण्याची पाळी शेवटच्या वाडीपासून सुरू करता येईल का? हे चार प्रश्न एका बाईने उभे राहून विचारले तर चालतात, पण दहा बायका गेल्या तर उत्तर लवकर मिळते. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. १ मेला मुंबईकर गावीच असतो.